शेंद्र्याच्या भिंतीवरचा पाहुणा

गारखेड्याची रूपा माझी मावसबहीण. भिंतींवर चित्रं काढते. भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

म्हणून म्हणतो, हसण्याआधी शेंद्र्याला जाऊन ती भिंत बघून या. अजून तिथंच आहे.

गेल्या हिवाळ्यात रूपानं कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती लांबलचक भिंत रंगवली. जायकवाडीला येणारे फ्लेमिंगो, आणि त्यांच्यामध्ये बिहारहून कामाला आलेली माणसं. वर मोठ्या अक्षरांत 'पाहुण्यांचं स्वागत'. वस्तीतल्या सगळ्यांनी हाती ब्रश घेतले होते.

मधोमध बन्सी गवंडी. हातात थापी, तोंडभर हसू.

चित्र पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत बन्सी परांचीवरून पडून मेला.

बांधकाम गावपुढारी नानासाहेबांच्या नव्या बंगल्याचं. कमरेला साधा दोरसुद्धा दिला नव्हता. खिशातला फोन त्याच्याबरोबरच फुटला. त्याच्या बायकोकडे, सरिताकडे, आधार कार्डावरचा काळपट फोटो तेवढा उरला. त्यात तो ओळखूही येत नव्हता.

म्हणून ती रोज संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन भिंतीपाशी यायची.

"देख, पापा."

येणारेजाणारे थांबायचे. कसा मेला, विचारायचे. नानासाहेबांना नेमकं तेच खुपलं.

"पाखरं राहू द्या," त्यांनी रूपाला बोलावून सांगितलं. "माणसं पुसा. बाहेरच्यांची तोंडं कशाला पाह्यजेत इथं?"

"बंगला बांधताना बरी चालली ती तोंडं," रूपा म्हणाली आणि उठून आली.

त्यांनी दुसऱ्याकडून चुना मारून घेतला.

कळलं तशी रूपा भर दुपारी तिथं पोचली. सगळी माणसं पांढऱ्याखाली गेली होती. आणि पक्षी...

सगळे पाठमोरे होते.

तिनं एकूण एक पक्षी समोर बघणारा काढला होता.

तिनं फोनमधला त्या चित्राचा जुना फोटो उघडला. त्यात पक्षी जागच्या जागी होते. मजूरही होते. फक्त मधोमध...

पांढरी जागा.

फोटोत कोणी चुना मारला होता?

त्याच आठवड्यात नानासाहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बाई... घरात पाहुणा आलाय. जात नाय."

"मग स्वागत करा," रूपा म्हणाली. पण फोटोतली ती पांढरी जागा तिला आठवली. ती सरिताला आणि पोराला घेऊन बंगल्यावर गेली.

बैठकीची भिंत ओली होती. रंगाचे रिकामे डबे कोपऱ्यात पडलेले.

भिंतीच्या आतून आवाज येत होता. टक... टक... विटेवर थापी ठोकावी तसा.

आणि कितीदाही रंग मारला तरी त्या ओल्या रंगातून बन्सी वर आला होता.

सरिता भिंतीपाशी गेली. मग तिनं पोराला वर उचललं. पोरगं दोन्ही हात पुढे करून खिदळलं.

आवाज थांबला.

"तुम्हीच काढलाय ह्याला," नानासाहेब पुटपुटले. "तुम्हीच पुसा. हात जोडतो."

रूपा भिंतीजवळ गेली. भीती वाटत होती. पण राग भीतीपेक्षा मोठा होता.

"मी काढलेला बन्सी हसत होता," ती म्हणाली. "हा तुमचा आहे."

भिंतीवरचा बन्सी हसत नव्हता. तो नानासाहेबांकडे बघत होता.

बंगल्याला आता कुलूप आहे. नानासाहेब पडेगावला लेकीकडे राहतात. तिथल्याही भिंतीला ओल आलीय म्हणे. सरिता संध्याकाळी बंगल्याच्या खिडकीशी उभी राहते आणि पोराला वर उचलते. तिला कोणी हटकत नाही.

रूपाचा राग अजून गेलेला नाही. माणूस मेला त्याचं काही नाही, आणि भिंतीला ओल आली तर हात जोडायचे?

परवा तिनं तो फोटो पुन्हा उघडून मला दाखवला.

पक्षी आहेत. बाकीचे मजूर आता त्यात नाहीत.

कोणाकोणाच्या घरी गेलेत, कोण जाणे. त्यांच्या तोंडावर चुना मारणारे आपल्याकडे थोडे नाहीत.