आठव्या चौकोनातला खो

मार्गशीर्षातल्या गुरुवारची आरती झाली, नैवेद्य दाखवून जेवणं उरकली आणि आम्ही सगळे ओट्यावर येऊन बसलो. दिवे गेले होते. माझा मुलगा सार्थक फोनवर मित्रांशी क्रिकेटसाठी भाड्याच्या टर्फचं ठरवत होता, दहाव्या मैलाजवळचं, उद्या रात्री नऊ ते दहा. फोन ठेवल्यावर आमचे चुलत सासरे, रंगनाथ आबा, म्हणाले की तिथे नको, दुसरं बघा. सार्थक हसला. त्याच्या बहिणीने, सायलीने विचारलं, तिथे असं काय आहे? आबांचा अडकित्ता थांबला. मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे.

हे मी पाहिलेलं नाही. पण ज्याच्यावर बेतलं तो शेखर याच ओट्यावर बसून चहा पितो. ओझरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर दत्तू होता, त्याचा हा मुलगा. वय चौतीस. खेळाची पदवी घेतलेली, अंगाने काटक, पण कुठे टिकेना.

आधी जिममध्ये लागला. जानेवारीत माणसं मावत नाहीत, मार्चमध्ये आरशापुढे हा एकटा. मग पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक. तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला तो उघडलाच नाही. मग त्र्यंबककडे डोंगरात दोर लावून शहरातल्या लोकांना उतरवायचा. पावसाळा संपला, माणसं संपली. मध्येच खेळाच्या सामानाचं दुकान. जिथे जाईल तिथे एकच उत्तर, तुमचा अनुभव आमच्या कामाचा नाही. मला म्हणायचा, "काका, लोकांना वाटतं खेळ म्हणजे एक धंदा. आत गेलं की दहा खोल्या, आणि एका खोलीची किल्ली दुसरीला लागत नाही." दत्तू गेल्यावर तर पोरगं फारच कावलं. सिंधुबाई, त्याची आई, तिने त्याच्यासाठी एकही गुरुवार सोडला नाही.

शेवटी लखनशेठने टर्फ काढायचं ठरवलं आणि शेखरला मॅनेजर नेमलं. कायमची नोकरी. फक्त एक गंमत झाली. जागा निघाली ती दहाव्या मैलाजवळची, शाळेच्या जुन्या मैदानाची. शेखर तिथेच खो-खो शिकला होता, गेणूसरांकडे.

गेणूसरांची एक पद्धत होती. सराव संपला की आठही पोरांना मधल्या रांगेत चौकोनात बसवायचे, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. मग हाताला फक्की लावून, मैदान आखायची ती पांढरी भुकटी, एका टोकापासून चालत यायचे आणि प्रत्येकाच्या पाठीवर थाप देऊन म्हणायचे, खो. ज्याला खो मिळाला त्याने सरळ फाटकाकडे पळायचं आणि घर गाठायचं. मागे वळायचं नाही. खेळातही वळलं की फाऊल. आणि खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, मग आभाळ कोसळो.

बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सरांनी असंच पोरांना बसवलं. फक्की संपली होती, ती आणायला फाटकाबाहेर गेले... रस्त्यातच कोसळले. दवाखान्यात पोचायच्या आत गेले. पोरं मात्र बसून. अंधार पडला तसे एकेकाचे आईबाप येऊन घेऊन गेले. शेखर आठव्या चौकोनात, शेवटचा. दत्तूची दुसरी पाळी. पाळी सुटल्यावर तो आला, त्याने हाताला धरून उठवला, तर पोरगं म्हणतं, "बाबा, सरांनी अजून सोडलं नाही."

हे दत्तूनेच मला सांगितलं होतं.

तर मागच्या साली, मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. सकाळी सातला रोलर येणार होता आणि मैदानात जुना लाकडी खांब तसाच उभा, छातीइतका. मजूर बाजाराला गेलेले. लखनशेठने फोन करून सांगितलं, रात्रीतून खांब काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नको. सिंधुबाईने नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं होतं. म्हणाली, आरतीला ये, तुझ्याशिवाय उपास सोडणार नाही. हा म्हणाला, तासाभरात येतो. पहार घेतली, मोटारसायकल काढली. थंडी होती म्हणून शर्टावर स्वेटर आणि वर जॅकेट.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो मैदानात पोचला. वीज जोडलेली नव्हती. मोबाईलची बॅटरी लावून खांबाशी खणायला लागला. ज्या खांबाला वळसा घालून हजारदा पळाला, तोच उपटायचा होता. मनात सगळ्यांवर राग. शेठवर, जिमवाल्यावर, तलाववाल्यावर, स्वतःवर. पहार दगडावर आपटली आणि हाताला झिणझिण्या आल्या. थोडं टेकावं म्हणून चार पावलं बाजूला जाऊन बसला.

बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. आपण उकिडवे बसलोय. रस्त्याकडे तोंड करून. आखलेलं काहीच नव्हतं, तरी पायांना जागा माहीत होती.

आठवा चौकोन.

उठायला गेला. पाय उठेनात.

मोबाईल खांबाशी पडलेला. त्याचा उजेड गेला.

मग वास आला. फक्कीचा. त्या मैदानात इतक्या वर्षांत कुणी फक्की टाकली नव्हती.

लांबच्या टोकाला... थाप. कापडावर हात पडावा तशी.

मग पावलं. सावकाश.

थाप.

शेखर मोजत होता. नको असताना मोजत होता. तीन... चार... त्या रांगेतली पोरं कधीच मोठी झाली होती. एक पुण्याला, एक सिन्नरला, एक दुबईत. रांगेत कुणीही नव्हतं. तरी थाप पडत होती.

पाच.

सहा.

सातवी त्याच्या अगदी शेजारी पडली.

पावलं थांबली. पाठीमागे. श्वास नाही. काही नाही...

बराच वेळ.

"खो."

पाय सुटले. तो पळाला. फाटकाकडे, सरळ. मागे वळला नाही. मोबाईल, पहार, गाडी सगळं तिथेच. दीड मैल पळत घरी आला.

(इथे आबांनी सुपारी तोंडात टाकली. सायलीने हळूच विचारलं, मग नोकरी?)

नोकरी त्याने सोडली. सकाळी गाडी आणायला गेला तेव्हा मजुरांनी खांब काढून बाजूला टाकला होता. लखनशेठला म्हणाला, खांब द्या, दुसरं काही नको. शेठ म्हणाला ने, मला काय, जाळायचाच होता. तो खांब आता गावच्या शाळेमागे रोवलाय. शेखर तिथे पोरींना शिकवतो. दुपारी दूध डेअरीत काम करतो, त्यावर घर चालतं. चिडचिड गेली म्हणणार नाही, पण घरी जेवायला वेळेवर येतो. आणि संध्याकाळी एकेका पोरीच्या पाठीवर थाप दिल्याशिवाय फाटक लावत नाही.

सार्थक म्हणाला, आबा, अंधारात भास होतो माणसाला.

आबा म्हणाले, मीही शेखरला तेच म्हटलं होतं. तेव्हा सिंधुबाईने आतून शर्ट आणून माझ्यापुढे ठेवला.

त्या रात्री आरतीला उभं राहताना शेखरने जॅकेट काढलं. स्वच्छ. स्वेटर काढला. स्वच्छ. आणि आतल्या निळ्या शर्टावर, पाठीच्या बरोबर मधोमध, पांढरा पंजा. पाचही बोटं.

सिंधुबाईने तो तीनदा धुतला. शर्टाचा निळा रंग उतरला.

पंजा तसाच आहे.