नऊ थांबे

ईमेलचं पोट उसवून बघायचं, ही योगिनीची नोकरी. पंचवटीतल्या एका कचेरीत बसून ती फसव्या मेल शोधायची. आपल्याला दिसतो तो नुसता मजकूर. त्याच्या पाठीमागे एक लपलेली नोंद असते, हेडर म्हणतात तिला. मेल कुठल्या कॉम्प्युटरवरून निघाली, त्याचं नाव काय, वाटेत कुठकुठल्या थांब्यांवर टेकली, सगळं तिथं. वाचायचं मात्र खालून वर.

तिचा भाऊ शेखर बारा वर्षांपूर्वी लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवून विंचूरला कामावर गेला, तो गेलाच. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियाकर्म उरकतात. सायखेड्याला एकटीनं झेंडू पिकवणारी आई, कुसाबाई, कशीबशी राजी झाली. गुरुजींनी गुरुवार दिला.

अन् सोमवारी सकाळी आईच्या फोनवर मेल आली. "पिंड ठेवू नका. मी येतोय." खाली शेखरचं नाव.

कुणाची ही थट्टा, म्हणून योगिनीनं आईचं खातं कचेरीत उघडलं. हेडरच्या तळाशी शेखरच्या त्याच लॅपटॉपचं नाव. त्यावर नऊ थांबे. निघाल्याची जागा शोधली, तर तिथला आकडी पत्ता, म्हणजे आयपी, जगात कुणालाच दिलेला नव्हता. नोंद चुकली असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

दुपारी तीच मेल पुन्हा. थांबे आठ. मंगळवारी सकाळी सहा, संध्याकाळी चार. मजकुरात कान्यामात्रेचा फरक नाही. तुम्ही-आम्ही असतो तर घाम फुटला असता. ही पोरगी हरखली. दादा जवळ येतोय, असं तिनंच आईला कळवलं. आईनं गुरुजींना नको म्हणून सांगितलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

बुधवारी भर दुपारी मेल आली. थांबा एकच.

योगिनीनं लगेच फोन लावला.

"आलाय," आई हळूच म्हणाली. "जेवतोय."

"त्याच्याकडं दे."

"बोलत नाय गं तो. लय लांबून आलाय. कितीबी वाढलं तरी ताट रिकामंच."

"आई, तोंड बघितलंस का त्याचं?"

पातेल्यात डाव खरवडल्याचा आवाज आला.

"खाली मान घालून जेवतोय. थांब, बघते."

मग काहीच ऐकू आलं नाही. फोन कुणी बंदही केला नाही.

तो तसाच चालू ठेवून योगिनीनं स्कूटर सायखेड्याला दामटली.

दार सताड उघडं. पातेली तळापर्यंत खरवडलेली. आईच्या चपला उंबऱ्याशी. शेजारणीनं कुणालाच येता-जाताना पाहिलं नव्हतं.

आईचा फोन पाटावर होता. योगिनीनं तो उचलला.

तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन थरथरला. मेल. या वेळी तिच्याच नावावर.

"योगे, पिंड ठेवू नको. आम्ही येतोय."

तिनं हेडर उघडलं. तळाशी आईच्या फोनचं नाव.

तो फोन तिच्या डाव्या हातात होता. अजून कोमट.

तिनं खालून वर थांबे मोजले. नऊ.