भ्यायला शिकवणारी

ऊन कुंपणातल्या माळावर उतरलं की यंत्रमाय चरायला निघे. कमरेएवढी उंच, माळढोकाच्या मादीसारखीच तपकिरी पाठ, लांब मान आणि थांबून थांबून टाकलेली सावध पावलं. मागे पिल्लांची रांग. आता पिल्लं कसली, चांगले पंख फुटलेली पोरं! यंत्रमाय चोचीने गवतातला नाकतोडा उठवी, पोरं तो टिपत. आभाळात घार दिसली की तिच्या पोटातून घोगरा इशारा निघे आणि सगळी जमिनीला चिकटून बसत. काचेच्या कृत्रिम अंड्याच्या कवचात वाढलेल्या या पाखरांनी माणूस कधी पाहिला नव्हता, माणसाचा आवाजही ऐकला नव्हता. निदान संवर्धन केंद्रात सगळ्यांची समजूत तशी होती.

सोलापूरकडच्या या माळावरून माळढोक गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. आता विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या होत्या, नांगरलेल्या पट्ट्यांवर पुन्हा कुसळी गवत डोलत होतं. घर तयार होतं, राहणारा तेवढा यायचा होता.

मंदाकिनी बिराजदार त्या दिवशी यंत्रमायेची बॅटरी बदलायला निघाली. अंगावर नेहमीचा गवताच्या रंगाचा झगा, डोक्यापासून पायापर्यंत. त्यात माणूस ओळखू येत नसे. ती जवळ पोचली मात्र, रांगेतला एकुलता एक नर मायेला सोडून तिच्याकडे धावला आणि झग्याशी घुटमळू लागला.

केंद्रप्रमुख फरीदा मुलाणी आतल्या पडद्यावर पाहत होत्या. मंदाकिनी परतली तशी त्यांनी तिला समोर बसवलं.

"मंदाताई, तिथे काय म्हणत होतात?"

"मी? मॅडम, माळावर मी तोंडसुद्धा उघडत नाही."

फरीदांनी यंत्रमायेच्या कानाने टिपलेला आवाज लावला. वाऱ्याच्या सळसळीखाली अगदी बारीक, संथ पुटपुट होती. ओम नमः शिवाय. ओम नमः शिवाय.

मंदाकिनीचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. रोज पहाटे लिंगपूजा, मग दिवसभर हाताला काम आणि ओठांवर जप, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. श्वासासारखा. अंड्यांच्या खोलीतही तो चालू राहिला असणार.

"कवचातलं पिल्लू ऐकतं," फरीदा म्हणाल्या. "म्हणून तर आपण आत मादीचा आवाज वाजवतो. याचं कवच तुमच्या खुर्चीला लागून होतं. याने तुम्हाला आई मानलंय."

"मग आता?"

"माणसाच्या आवाजाकडे धावणारा पक्षी सोडता येत नाही. जाळीत राहील जन्मभर. आणि या खेपेला नर हा एकच. नुसत्या माद्या सोडून करू काय?"

"दोष माझा आहे. मी सोडवते त्याची ही खोड."

मंदाकिनीने माळावर जपाऐवजी पाढे म्हणून पाहिले. पाखरू जमिनीला चिकटलं, तसंच चिकटायला हवं होतं. पण शिवाचं नाव ओठांवर आलं की उठून धावे. म्हणजे भीती नावाचीच घालायला हवी होती; हे नाव तर या भागात गावोगाव ओठांवर. मनातलं भय जावं म्हणून जे नाव घ्यायचं, तेच नाव भयाचं करायचं. दुसऱ्या दिवशी मंदाकिनी पूजेला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. उठली तेव्हा चेहऱ्यावर घालमेल नव्हती.

शेजारच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या म्हाळप्पाने आपलं कुत्रं दिलं. "अक्का, चावायचं न्हाई ते. नुसता दांडगावा करतंय, आमच्या मेव्हण्यासारखा," तो म्हणाला. म्हाळप्पालाही झगा चढवला. बेत साधा होता. मंदाकिनीने जप करत जायचं, त्याच वेळी कुत्रं सोडायचं. नाव आणि दात एकत्र आले की पाखरू धडा घेईल.

कुत्रं भुंकत सुटलं. यंत्रमायेने इशारा दिला. नर भेदरून उठला, गोल फिरला आणि जीव घेऊन पळाला, थेट मंदाकिनीकडे. झग्याच्या घोळात मान खुपसून थरथरत उभा राहिला. त्याच्या काळजाची धडधड तिला पोटरीला जाणवत होती.

"कुत्रं बोलवा!" फरीदा कानातल्या यंत्रातून ओरडल्या. "ताई, राहू दे. आपण त्याला जाळीत ठेवू."

 मंदाकिनीने झगा डोक्यावरून काढून भिरकावून दिला. पाखराने पहिल्यांदाच माणूस पाहिला. तिने पदर खोचला, म्हाळप्पाची काठी ओढून घेतली आणि जमिनीवर आपटली.

"ओम नमः शिवाय!" ती किंचाळली.

पाखरू बावचळलं. दोन पावलं मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तिने काठी त्याच्या पुढ्यात हाणली, माती उडाली. ती नाव घेत त्याच्या मागे धावली, ठेचकाळली, उठून पुन्हा धावली. कुत्रं बाजूला बसून पाहत राहिलं.

"अक्का, माझ्या कुत्र्याची नोकरी गेली की वो!" म्हाळप्पा म्हणाला, पण हसलं कुणीच नाही.

ती रोज गेली. ज्या दिवशी लांबूनच जप सुरू करताच तो नर गवतात विरघळला आणि पुढचं पाऊल टाकताच पंख फडफडवत कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, त्या दिवशी फरीदांनी सोडण्याच्या कागदावर सही केली.

कुंपणाची जाळी उघडली तेव्हा माद्या रेंगाळल्या. नर सरळ टेकाडापलीकडे उडाला. मंदाकिनी खूप मागे, ओठ घट्ट मिटून उभी होती. माळावर असेपर्यंत नाव घ्यायचं नाही, असा नवा नेम तिने धरला होता. उरलेला जप घरी.

"जमलं, मंदाताई. आता तो माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही."

मंदाकिनीने मान हलवली. टेकाडापलीकडे, मेंढरांच्या वाड्याच्या बाजूला, कुत्री भुंकू लागली होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तो घाबरून माझ्याकडे आला होता. ती जागाही आता मीच काढून घेतली. खरंच एखादं कुत्रं मागे लागलं, तर तो कुणाकडे पळेल?"