आजोबा तीनदा हसले

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या कमरेएवढ्या देवळात डोकं घालून देवाच्या पोटाला टेप लावत होता.

"अहो, देवाला सदरा शिवताय का?" मी छत्रीखालून विचारलं.

तो दचकला. टेप सपकन गुंडाळली गेली. "नाही... म्हणजे, मूर्ती हलवायची झाली तर पेटी केवढी लागेल ते— मी रस्ते खात्यातला. शू पो-रुई."

"मी फान युन-शी. यंदा देवळाचं सगळं माझ्याकडे आहे. आधी नमस्कार, मग मोजमाप!"

तो चिखलातच वाकला. कान लालबुंद झाले होते. मला तो तिथेच आवडला, खोटं कशाला बोलू!

म्याओलीच्या डोंगरातला आमचा रस्ता साठ वर्षांचा. दोन ट्रक समोरासमोर आले की एकाने मुकाट्याने मागे जायचं. देवळापाशी तर असं आंधळं वळण, की दोन वर्षांपूर्वी खडीच्या ट्रकने माझ्या बाबांना स्कूटरसकट चरात फेकलं. बाबा अजून काठी घेऊन चालतात. रस्ता रुंद व्हावा, वळण सरळ व्हावं, असं गावात सगळ्यात जास्त मलाच वाटत होतं.

पण वाटेत आमचे भूमीदेव. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, आणि आजोबांच्या होकाराशिवाय त्यांना कुणी हलवत नाही. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की 'हो'. दोन्ही पालथ्या म्हणजे 'नाही'. दोन्ही उताण्या पडल्या, तर आजोबा हसले, म्हणजे ना 'हो', ना 'नाही'! लागोपाठ तीन 'हो' यावे लागतात. सोमवारी आराखडा वर जाणार होता. तोवर होकार आला नाही, तर वळण तसंच राहणार होतं.

शनिवारी सकाळी सगळं गाव जमलं. पावसाची झिमझिम चालूच होती. पो-रुईने उदबत्ती लावली, रीतीप्रमाणे नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली (माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मी मनात टिपून ठेवलं) आणि वही उघडून घडाघडा वाचून दाखवली. चंद्रकोरी टाकल्या. आजोबा हसले. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसले. तिसऱ्यांदाही तेच!

"आजोबांच्या मनात नाही," चहामळेवाले पेंगकाका म्हणाले. "चला घरी."

लोक वळले. बाबा मात्र काठीवर रेलून त्या वळणाकडेच बघत होते.

"थांबा!" मी ओरडले. "साहेब, तुम्ही नक्की काय विचारलंत?"

"सगळंच. पर्याय एक, डोंगर कापणे. पर्याय दोन, देऊळ हलवणे. पर्याय तीन—"

"अहो, आजोबांकडून फॉर्म भरून घेताय का? ते फक्त हो म्हणतात, नाहीतर नाही. एका वेळी एकच विचारा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं तसं!"

पेंगकाकासुद्धा फिसकन हसले.

पो-रुईने वही मिटली आणि तो गुडघ्यांवर बसला. "आजोबा... इथे माणसं जायबंदी होतात. तुम्ही थोडं सरकाल का?"

हो. हो. हो! बाबांनी डोळे पुसले.

आता कुठे? शाळेशेजारी? नाही. पुलापाशी? नाही. पो-रुईची नजर फिरत फिरत माझ्या शेवयांच्या दुकानामागच्या पेरूवर थांबली. चंद्रकोरी उचलण्याआधी तो माझ्याकडे वळला.

"फानबाई, तुमची जागा आहे... चालेल तुम्हाला?"

आराखडे करणारा माणूस आधी विचारतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. "पेरूखाली वाळत घालते तो मुळा छपरावर घालीन," मी म्हटलं. माझा आवाज उगीचच बारीक झाला.

आजोबांनीही तीनदा होकार दिला.

गाव पांगलं. तो मात्र देवळापुढे बसून काहीतरी पुटपुटत होता. चंद्रकोरी पडल्या... दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच.

"आता काय विचारलंत?"

"एकच. साधं." कान पुन्हा लाल. "युन-शी उद्या माझ्याबरोबर जेवायला येईल का..."

मला हसू आवरेना. "पेरूखालच्या जागेचं आधी मला विचारलंत ना? मग हेच आजोबांना कशाला?"

त्याने मान वर केली. पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर अडकले होते.

"येशील?"

मी चंद्रकोरी उचलल्या, त्याचा हात उलगडला आणि तळव्यावर ठेवल्या— एक उताणी, एक पालथी.

"पण... तीनदा लागतं ना?" तो हळूच म्हणाला.

"आधी जेवायला तर ने," मी म्हटलं. "उरलेले दोन होकार रस्ता पूर्ण होईपर्यंत देईन."