बारावी गाडी

खांबाची पेटी त्याच्या घरी पोचवायची, एवढंच काम होतं. लष्कराकडून ती सकाळी ठाण्यात आली होती. आत एक टोपी, एक शिट्टी आणि दाढीचं सामान. पोलीस लाइन ठाण्यापासून आणि पुढच्या चौकापासूनही हाकेच्या अंतरावर. पण हवालदारानं आधी जेवण उरकलं, दोनदा हात धुतले, नको त्या वह्या चाळल्या आणि तीन वाजता एकदाचा उठला.

खांब म्हणजे त्याचा जोडीदार शिपाई. चौकात वाहतुकीला उभा राहिला की डोक्यावर कावळा बसला तरी हलायचा नाही, म्हणून ते नाव. लढाई पेटली, लष्करी पोलिसांना माणसं कमी पडली, तेव्हा ठाण्यातून दोघं उसने मागितले गेले. एक हा, दुसरा खांब. दंडाला पांढरी पट्टी बांधून एका पुलावरून लष्कराच्या गाड्या सोडायच्या. तिथं काही धोका नाही, असं साहेब म्हणाले होते. साहेबांचं काय जातंय म्हणायला!

दार वाजवायच्या आधीच वहिनींनी उघडलं. पेटी त्यांनी कोपऱ्यात ठेवली, उघडली नाही.

"भाऊजी, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा ना."

"त्या दिवशी यांच्या बदलीला तुम्हीच गेला होता ना? वेळेवर?"

"हो, वहिनी. चार म्हणजे चारला पॉइंट घेतला मी. तो परत निघाला आणि वाटेत गोळा पडला."

हे वाक्य वर्षभरात त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते आपोआप बाहेर पडायचं.

"मग ते घरी का येत नाहीत?"

हवालदार उगाच डोक्यावरची टोपी नीट करत राहिला.

"रोज चारला चौकात शिट्टी वाजते. दोन आखूड, एक लांब. शेजारणी म्हणतात, तुला भास होतो. पण नवऱ्याची शिट्टी बायकोला कळत नाही होय? दार उघडं ठेवते मी. कुणी येत नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बदली झाली असली तर माणूस घरी येतो, भाऊजी. तुम्ही बघा ना जरा... तुमचं ऐकतील ते."

"बघतो," असं म्हणून तो बाहेर पडला. दुसरं काय म्हणणार? चोराच्या मनात चांदणं.

पॉइंटवरच्या माणसाची एक रीत असते. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आलेल्यानं मागून खांद्यावर हात ठेवायचा. उभ्यानं काय उरलंय ते सांगायचं. मग एकानं म्हणायचं 'पॉइंट घेतला', दुसऱ्यानं 'पॉइंट दिला'. हे झाल्याशिवाय जो हलला तो पोलीस नव्हे, असा दम खांब नव्या भरतीला भरायचा.

त्या दिवशी पुलावर बारा गाड्या यायच्या होत्या. बाराव्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी, बदलीला निघालेला हवालदार बसला होता. पूल दिसायला लागला आणि गोळे पडायला लागले. "झाडाखाली घे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "जरा निवळू दे." निवळायला अर्धा तास लागला. तोवर पूल नव्हता आणि पुलाच्या तोंडावरचा माणूसही नव्हता. पळायला अर्धा तास होता त्याच्याकडे. पण खांबच तो.

चौकात धुकं उतरलं होतं. भर दुपारी दिवे लावून गाड्या चाचपडत चालल्या होत्या. पॉइंटवरच्या शिपायाला महिन्यापूर्वी जुळ्या मुली झाल्या होत्या. त्याचे डोळे जागरणानं तांबारले होते.

"दादा, बरं झालं आलात," तो हळूच म्हणाला. "चार वाजत आले की इथं नकोसं होतं. कुणीतरी आपल्या पाठीला पाठ लावून उभं आहे, असं वाटतं..."

"घरी दोघी रडतात म्हणून इथंही भास होतात तुला. जा, चहा पिऊन ये."

शिपाई गेला. धुकं दाट होत गेलं. पलीकडची दुकानं दिसेनात, मग दिवे दिसेनात, मग गाड्यांचे आवाजही विरले. जळक्या रबराचा वास आला आणि पाठोपाठ ओल्या मातीचा. तो वास हवालदाराला ओळखीचा होता.

शिट्टी वाजली. दोन आखूड, एक लांब. अगदी हाताच्या अंतरावर.

पाठमोरा उभा होता तो. ताठ. दंडाला पांढरी पट्टी.

"उशीर झाला," तो वळून न बघता म्हणाला.

"हो... झाला."

"अकरा गेल्या. एक राहिलीय."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. हवालदाराला रडू फुटलं. त्यानं हात पुढं केला, खांद्यावर ठेवला. कापड ओलं होतं, आणि कापडाखाली हाताला काहीच लागलं नाही.

"पॉइंट... घेतला."

"पॉइंट दिला."

खांब निघाला. पाय आखडलेल्या माणसासारखा, सावकाश, पोलीस लाइनच्या दिशेनं. थोड्या वेळानं तिकडं एक दार लागल्याचा आवाज आला आणि कडी सरकली. सुटला बिचारा, हवालदाराच्या मनात आलं. वर्षात पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला.

मग त्याचं लक्ष स्वतःच्या दंडाकडं गेलं. पांढरी पट्टी घट्ट बांधलेली होती. गाठ सापडेना.

"दादा!" धुक्यातून शिपाई आला. "या बाजूला, मी घेतो आता." त्यानं सवयीनं हात खांद्याकडं नेला.

एक शब्द बोलायचा होता फक्त. 'दिला.' जिभेवर आलाही होता. हवालदाराला त्या जुळ्या मुली आठवल्या.

"शिवू नकोस मला!" तो ओरडला. "घरी जा. लेकींजवळ जा... आणि या पॉइंटवर पुन्हा उभा राहू नकोस."

शिपाई दचकून मागं सरला. वाट बघत घुटमळला, दोनदा हाका मारल्या, मग गेला. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली.

एकच गाडी. ती गेली की आपणही सुटू, हवालदार स्वतःला समजावत राहिला.

आणि खरंच इंजिनाची घरघर आली. धुकं थोडं फाटलं. चौकात कधीच नव्हती अशी झाडं रस्त्याकडेला उभी होती. लष्कराची गाडी येत होती. हवालदारानं शिट्टी फुंकली, हात हलवला. ये, ये, रस्ता मोकळा आहे! काचेमागं ड्रायव्हर दिसला. शेजारी एक माणूस, दंडाला पांढरी पट्टी, मान खाली. तो ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता.

गाडी झाडाखाली वळली. इंजिन बंद झालं.

"अरे ये!" हवालदार घसा फोडून ओरडला. "मी उभा आहे इथं! ये ना रे!"

त्या माणसानं मान वर केली. चेहरा हवालदाराचाच होता. त्यानं इकडं पाहिलं, आणि हळूहळू गाडीची काच वर चढवली.