भुवया उडवणारा बासरीवाला

सामानाच्या लिफ्टमध्ये आधी ढोल शिरला, मग मी, आणि दार मिटता मिटता एक लांबलचक मुलगा. ढोल मध्ये नसता तर त्याची हनुवटी माझ्या कपाळाला लागली असती.

"ही सामानाची लिफ्ट आहे," मी ठसक्यात म्हणाले. "माणसांची पलीकडे."

"मीपण सामानच आहे... ऑफिसनं पाठवलंय. बदली बासरी."

म्हणजे हाच तो! आमचा घरचाच ताफा. बाबा लोकगीतं गातात, आत्या झांजा वाजवते, काका बासरी आणि मी ढोल. लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, कुणाच्या आजोबांचा वाढदिवस असो, बुकिंग ऑफिसचा फोन आला की आम्ही गाडीत सामान भरून हजर. पण काका बाथरूममध्ये घसरले आणि त्यांचे पुढचे दात गेले. फुंकलं की नुसती हवा जायची, सूर काही निघेना. नवे दात बसेपर्यंत आम्हाला हा मिळाला होता.

"ढोल तुम्ही वाजवता?" त्यानं विचारलं.

"नाही. यात बसून फिरते."

तो इतका मनापासून हसला, की लिफ्ट अजून दोन मजले वर जावी असं मला उगाचच वाटलं.

आमच्यात कागदावर काही लिहिलेलं नसतं. गाणं कधी संपवायचं ते बासरीवाला ठरवतो, आणि त्याचं तोंड अडकलेलं असल्यामुळे तो भुवया उडवून खूण करतो. भुवया उडाल्या, की मी तीन दणदणीत ठोके देते आणि सगळे एकदम थांबतात. काकांच्या भुवया जाडजूड. वेळ आल्याशिवाय हलायच्या नाहीत. हे सगळं मी त्याला पडद्यामागे नीट समजावलं. त्यानंही शहाण्यासारखी मान हलवली.

आणि पहिल्याच गाण्यात, पहिल्याच कडव्याच्या मधोमध, माझ्याकडे बघत त्यानं भुवया उडवल्या! मी काय करणार... धाड, धाड, धाड! ढोल थांबला, झांजा थांबल्या. बाबा मात्र अर्धा शब्द तोंडात घेऊन आ वासून उभे. पाहुण्यांना ती गंमतच वाटली, त्यांनी टाळ्या पिटल्या. आत्याला ती अजिबात वाटली नाही.

मध्यंतरात मी कंबर कसून भांडायला गेले.

"भुवया का उडवल्या?"

"उडवल्या नाहीत हो. उडाल्या."

"आपोआप?"

तो बासरी पुसत राहिला. चांगली कोरडी झाली तरी पुसत राहिला. "तुम्ही तो मधला तुकडा वाजवलात ना... फारच आवडला. मला काही आवडलं की त्या अशाच उडतात. लहानपणापासून."

आता अशा माणसाशी कसं भांडायचं, सांगा!

आत्यानं मात्र त्याच दिवशी फर्मान काढलं. बदलीनं टोपी घालायची, चांगली भुवयांखाली ओढून, आणि गाणं संपवायची खूण पायानं करायची. तेव्हापासून घरात सगळे त्याला 'बदली'च म्हणू लागले. तो सरावाला रोज यायचा, टोपी घालून, गुणी मुलासारखा. आणि मी? मी तो मधला तुकडा गरज नसताना वाजवायला लागले. प्रत्येक गाण्यात. टोपी हळूच वर सरकायची... आणि मी तो तुकडा परत एकदा वाजवायचे.

"हा तुकडा इथे नव्हता," बाबा म्हणायचे.

"आता आहे," मी म्हणायचे.

"छान आहे तो इथे," बदली टोपीखालून म्हणायचा. तोवर आमचं 'अहो-जाहो' कधी सुटलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

काकांचे दात आले. घरभर आनंद, आणि मी तोंड पाडून ढोलाच्या दोऱ्या आवळत बसलेली. त्यातच ऑफिसनं बदलीला दुसऱ्या ताफ्याबरोबर वर्षभराच्या दौऱ्यावर जाशील का म्हणून विचारलं. काका चांगल्या मनाचे. म्हणाले, "मला दोन बासऱ्या चालतील. पण पोरगा काही बोलत नाही." पोरगा खरंच काही बोलत नव्हता. आणि माझी जीभ, एरवी कात्रीसारखी चालणारी, नेमकी तेव्हाच संपावर.

त्याचा आमच्याबरोबरचा शेवटचा कार्यक्रम एकदम नीट झाला. एकही चूक नाही. इतका नीट, की मला रडूच फुटलं.

दुपारी हॉलमागच्या उतारावर आम्ही गाडीत सामान भरत होतो. माझा ढोल त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"त्या ताफ्यात ढोल कोण वाजवतं?" मी विचारलं.

"एक आजोबा आहेत. मिशीवाले."

"चांगलं वाजवतात?"

"फारच. पण..." तो ढोलाआडून म्हणाला, "मी ऐकलं त्यांना. भुवया जागच्या हलल्या नाहीत."

"मग जाऊ नकोस ना!" माझ्या तोंडून एकदम गेलं. "मला नाही आवडणार. मला... तू इथे हवा आहेस. मला हवा आहेस."

 आणि नेमका तेव्हाच त्याच्या खिशातला फोन वाजला.

"ऑफिसचा असेल," तो म्हणाला. "माझे हात अडकलेत. तूच घे, आणि तुला हवं ते सांग."

"मला हवं ते?"

"मलाही तेच हवंय, वेडे! कधीपासून हवंय. पण बदली म्हणून आलेल्यानं घरातल्या मुलीला कसं विचारायचं?"

मी त्याच्या खिशातून फोन काढून कानाला लावला. फोनवर ऑफिसच्या बाई होत्या, घाईत. "दौऱ्याचं काय ठरलं? यायचंय ना?"

"नाही," मी म्हणाले. "तो येणार नाही."

"अहो, पण तुम्ही कोण त्याच्या?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तोही श्वास रोखून उत्तराची वाट बघत होता. एकदा तोंड उघडलंच होतं... म्हटलं, होऊन जाऊ दे.

"होणारी बायको," मी सांगितलं.

ढोल त्याच्या हातातून सुटला! धडाधड आपटत उतारावरून जो सुटला, तो थेट फाटकाच्या दिशेनं. "अरे, धरा, धरा!" करत बाबा धावले, काका धावले, झांजा टाकून आत्यासुद्धा धावली. आम्ही दोघं मात्र तिथेच उभे.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.

मी परत म्हटलं.