मनगटावरचा निळा उजेड

हातात लघवीची बाटली घेऊन कुणी प्रेमात पडायला येत नाही. तोही चुकूनच आला होता. नमुने जमा करायची खिडकी पलीकडे, आणि हा सरळ प्रयोगशाळेतल्या तिच्या अंधाऱ्या खोलीत.

"हे... कुठे ठेवू?"

"माझ्या डोक्यावर," ती मान वर न करता म्हणाली. मग तिने मान वर केली, आणि उगाचच ओशाळली.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. सरबतात घालायच्या एका नव्या रंगाची चाचणी चालू होती, आणि रोज पेलाभर सरबत पिणाऱ्यांत त्याने हौसेने नाव दिलं होतं. हा रंग तिच्या जांभळ्या दिव्याखाली निळा चमकायचा. यकृताने त्याचे तुकडे केले की चमक संपली. नमुन्यात चमक उरते का, हे बघणं तिचं काम. त्याच्या बाटल्या दिव्याखाली नेहमी काळ्याभोर निघायच्या.

"म्हणजे मी पास?"

"लघवीत तरी."

"चला, शाळेत तेवढंही जमलं नव्हतं."

चाचणी संपेपर्यंत पिणाऱ्यांशी बाहेर भेटीगाठी नकोत, असा प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंचा दंडक होता. त्यामुळे तो इथेच रेंगाळायचा. एकदा त्याने तिचं बंद पडलेलं घड्याळ नेलं, चालू करून आणलं आणि पट्टाही स्वतःच बांधला. बांधायला जरा जास्तच वेळ लागला — पण तक्रार कुणीच केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दिवा लावला, आणि तिच्या मनगटावर चार बोटं उजळली.

आंघोळ झाली होती, हात साबणाने धुतले होते. तिने दिवा उचलून खोलीभर फिरवला. दाराची चौकट, टेबलाची कड, तिच्या खुर्चीची पाठ... सगळीकडे त्याचे निळे पंजे. तो आत्ताही मागे उभा आहे असं वाटून तिने वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

रंग त्याच्या अंगात तुटतच नव्हता. जसाच्या तसा घामातून झिरपत होता. सांगितलं, तर त्याचं येणं बंद. नाही सांगितलं, तर त्याच्या पोटात रोज आणखी एक पेला. मनगट धरून ती थोडा वेळ बसली. तिला रडू आलं. मग डोळे पुसून ती मोठ्या बाईंकडे गेली.

"तुम्हाला चाचणीतून काढलंय," तिने त्याला सांगितलं. "मीच सांगितलं तसं."

तो दिव्याखाली आपले चमकणारे तळवे बघत राहिला. "मला... काही होणार?"

"हळूहळू निघून जाईल म्हणतात. तपासायला येत राहा."

"म्हणजे मी आता पिणाऱ्यांतला नाही?"

"नाही."

"मग बाहेर भेटायला हरकत नसावी."

ती पहिल्यांदाच मोकळी हसली.

रंगाला परवानगी मिळाली नाही. त्याचे तळवे फिकट होत गेले, आणि एके दिवशी दिव्याखाली अगदी काळे दिसले.

"सुटलो," तो म्हणाला.

तिने आपला हात दिव्याखाली धरला. तिच्या मनगटावर ती चार बोटं तशीच होती, पहिल्या दिवसाइतकी ठळक. तिने तर सरबताचा थेंबही चाखला नव्हता.

"हे जाईल ना?"

त्याने आपली बोटं त्या खुणांवर ठेवली. ती नेमकी बसली.

"तुला घाई आहे?"

"नाही..." ती म्हणाली, आणि तिने दिवा बंद केला. खोलीत मिट्ट काळोख झाला. त्याच्या बोटांच्या फटींतून निळा उजेड तेवढा येत राहिला.